मुलगी सेकंड पीयूसीला (कर्नाटकातली बारावी) आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर कॉलेज निभेल का?

उचगाव भागातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी सेकंड पीयूसी सायन्सला, अभ्यासात चांगली. यजमान उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला, दोन एकर शेत सासऱ्यांच्या नावावर. जात मराठा. कुणी सांगतं मराठी भाषिकांना वेगळी स्कॉलरशिप आहे, कुणी सांगतं कोल्हापूरला गेलात तर महाराष्ट्र सरकार फी भरतं. मग बेळगावातच बीएस्सीला घालावी, इथेच इंजिनिअरिंग करावं की कोल्हापूरला पाठवावी? आणि सरकारकडून नक्की किती मिळेल?

ताई, मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात सव्वीस वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. फी आधी भरावी लागते, शिष्यवृत्ती मागून येते. कधी सहा महिन्यांनी, कधी पुढच्या वर्षाची फी तोंडावर आली तरी नाही. म्हणून ‘किती मिळेल’ याच्याआधी ‘अ‍ॅडमिशनच्या दिवशी आपल्याकडे किती असेल’ याचा हिशोब घाला. शिष्यवृत्ती धरून कॉलेज निवडलेली आणि दुसऱ्या हप्त्याला दागिना मोडलेली घरं मी पाहिली आहेत.

आता मराठी भाषिकांच्या स्कॉलरशिपचं. ही गोष्ट दर जूनमध्ये नव्याने उगवते. केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या धर्मावर आहेत: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी. भाषिक अल्पसंख्याक त्यात नाहीत. आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या जैन घरातली मुलं तिथे बसतात ती जैन म्हणून, मराठी म्हणून नव्हे. एखाद्या संस्थेला मराठी भाषिक अल्पसंख्याक दर्जा असला तर तिथे प्रवेशाला थोडा उपयोग होतो, पण मुलीच्या खात्यावर त्यातून एक रुपया जमा होत नाही. तेव्हा ती आशा सोडून द्या.

तुमची खरी वाट ‘3बी’ची. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या प्रवर्ग 3बी मध्ये आहे. 2ए मध्ये घालावं ही मागणी जुनी आहे, पण अर्ज भरताना आज जे आहे तेच लिहायचं. यासाठी तहसीलदारांचा ‘नमुना एफ’ मधला जात-उत्पन्न दाखला लागतो. आपल्या लोकांची इथेच पहिली चूक होते. नाडकचेरीत (तहसीलदारांच्या हाताखालचं भागातलं ऑफिस) जाऊन नुसता उत्पन्नाचा दाखला काढून आणतात, कारण रेशनकार्डाला तोच लागला होता. शिष्यवृत्तीला तो एकटा पुरत नाही. जात आणि उत्पन्न दोन्ही असलेला दाखला मागा. कन्नडमध्ये ‘जाति मत्तु आदाय’ म्हणतात, ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न. उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं चालतो, म्हणजे आत्ता काढलात तर डिग्री निघेपर्यंत बहुतेक पुन्हा खेटा पडणार नाही. गावातल्या ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातही अर्ज घेतात.

दाखल्यावर आरडी अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक नंबर असतो. सगळी मेख त्या नंबरात आहे. कर्नाटकाच्या एसएसपी पोर्टलवर (पूर्ण नाव स्टेट स्कॉलरशिप पोर्टल, पीयूसीपासून पीजीपर्यंत बहुतेक राज्य खात्यांचे अर्ज आता इथूनच जातात) तुम्ही दाखल्याची झेरॉक्स जोडत नाही. तो आरडी नंबर घालता आणि सर्व्हर दाखला स्वतः ओढून घेतो. सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जातही तोच नंबर. माणूस झेरॉक्स बघून ‘बरं, चालेल’ म्हणायचा, सर्व्हर म्हणत नाही.

याचा नमुना दाखवतो. माझ्याकडे एक मुलगी आली होती, आडनाव जाधव. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव, मग वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, मग आडनाव, जसं आपल्याकडे सगळ्यांचं असतं. आधारवर वडिलांचं अख्खं नाव. आणि दाखल्यावर? ऑपरेटर कन्नड. त्याने कन्नडमध्ये ‘जाधव’ बरोबर लिहिलं होतं, पण कन्नड उच्चाराप्रमाणे ते जाधव नव्हे, ‘जाधवऽ’. इंग्रजीत उतरवताना शेवटी एक ‘ए’ जादा पडला. झाली ‘जाधवा’. एका अक्षरापायी अर्ज अडकला. नाडकचेरीने दुरुस्त दाखला दिला तोवर कॉलेजच्या पडताळणीची मुदत टळून गेली. त्या मुलीने काही चुकीचं केलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्या ऑपरेटरनेही नाही. आपल्या भागात नाव तीन लिप्यांतून फिरतं, म्हणून दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी वाचायचा. कन्नड येत नसेल तर वाचणारा बरोबर न्या. मारुतीचं ‘मारुथी’, चौगुलेंचं ‘चौगले’, अश्विनीत ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’, असलं सगळं तिथेच सापडतं.

मूळ कागद कुठला धरायचा? एसएसएलसीचं मार्क्स कार्ड. ते बदलणं सगळ्यात अवघड, म्हणून आधार आणि दाखला त्याच्या बरोबरीला आणायचा, उलट नाही. आधारात नावाची दुरुस्ती मोजक्याच वेळा करता येते, तेव्हा एकदाच, नीट पाहून करा.

आता पैसे. मागासवर्गीय कल्याण खात्याकडून 3बीच्या मुलांना पोस्ट-मॅट्रिक, म्हणजे दहावीनंतरची शिष्यवृत्ती आणि फी सवलत असते. पण तिथे उत्पन्नाची मर्यादा प्रवर्गाप्रमाणे वेगळी ठेवतात. माझ्या काळात प्रवर्ग 1 ला ती सैल होती, 2ए, 3ए आणि 3बीला चांगलीच आवळलेली. यजमानांचा पगार महिना अठरा-वीस हजार असेल तर वर्षाचं उत्पन्न दोन लाख सोळा ते चाळीस हजारांच्या घरात जातं, आणि तेवढ्यावर एखाद्या योजनेतून बाहेर पडायला होतं. मर्यादा सरकारी आदेशाने बदलत असते, त्यामुळे यंदाचा आकडा पोर्टलवरूनच घ्या, शेजारणीच्या मुलीला मागच्या वर्षी मिळाले यावरून नव्हे. आणि पगार पीएफच्या स्लिपवर असताना कमी उत्पन्न दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पडताळणीत उघडं पडलं तर दिलेलं परत मागतात.

‘विद्यासिरी’ नावाची दुसरी योजना आहे. सरकारी हॉस्टेलला जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांना जेवण-राहण्यासाठी माझ्या काळात महिना 1500 रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाला 15,000 मिळत. उचगावहून रोज बसने ये-जा करणाऱ्या मुलीसाठी ती नाही. बेळगावात बीएस्सी करणार असाल तर ती बाजूला ठेवा. मुलगी हुबळी-धारवाडला गेली तर आधी बीसीएम (मागासवर्गीय खात्याच्या) हॉस्टेलला अर्ज करा, नाही मिळालं तर विद्यासिरी.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ‘रयत विद्यानिधी’ 2021 साली सुरू झाली. रक्कम ठरलेली: पीयूसी, आयटीआय, डिप्लोमाला मुलांना 2500, मुलींना 3000. बीए, बीएस्सी, बीकॉमला 5000 आणि 5500. कायदा, नर्सिंग, पॅरामेडिकलला 7500 आणि 8000. इंजिनिअरिंग, एमबीबीएस आणि पीजीला 10,000 आणि 11,000. मागून शेतमजूर, विणकर, मच्छीमार, रिक्षा-टॅक्सीवाले यांच्या मुलांनाही त्यात घेतलं. म्हणजे तुमची मुलगी बीएस्सीला गेली तर 5500, बीईला गेली तर 11,000. यंदाच्या वर्षाला योजना खुली आहे का ते एसएसपीवर बघून मगच हिशोबात धरा.

पण तुमचा अडसर वेगळाच आहे. शेत सासऱ्यांच्या नावावर. या योजनेला ‘फ्रूट्स’चा एफआयडी नंबर लागतो, म्हणजे शेतकरी म्हणून सरकारदरबारी नोंद, आणि तो उताऱ्यावरच्या नावाशी जोडलेला असतो. यजमानांचं नाव उताऱ्यावर नाही तर त्यांच्या नावाने शेतकरी म्हणून एफआयडी कसा निघणार? आपल्या भागात हे घराघरात आहे. आजोबा आहेत तोवर वाटणी नाही, ते गेल्यावर वारसा लावायला कुणाला वेळ नाही, आणि चार भावांचं एकमत होईस्तो नातवंडं डिग्री घेऊन मोकळी होतात. सासरे हयात असतील आणि घरात गोडी असेल तर वाटणीचं काम आत्ताच काढा. ते काम शिष्यवृत्तीसाठी नसलं तरी कधीतरी करावंच लागणार आहे. नाव लागलं की रयत संपर्क केंद्रात आधार, उतारा आणि बँक पासबुक घेऊन एफआयडी करून घ्या. आणि चंदगड तालुक्यात माहेरची जमीन आहे म्हणून इथे शेतकरी ठरत नाही, हेही सांगून ठेवतो. सीमेपलीकडचा सातबारा फ्रूट्सला दिसत नाही.

केंद्र सरकारच्या दोन योजना मी तुमच्या मुलीसाठी खास बघायला सांगेन.

पहिली, कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्ती. अर्ज एनएसपीवर, म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. देशभरात दर वर्षी 82,000 नव्या, निम्म्या मुलींना. डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला 12,000, आणि इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला 20,000. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत चालतं, म्हणजे तुम्ही आरामात बसता. अट एवढीच की बारावीत 80 पर्सेंटाइलच्या वर पाहिजे. इथे लोक फसतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या बोर्डातल्या त्या शाखेच्या वरच्या वीस टक्के मुलांत ती असली पाहिजे. सायन्सचा निकाल चांगला लागला तर 85 टक्केवालीही बाहेर राहू शकते, आणि आर्ट्सची 78 टक्केवाली आत येऊ शकते. म्हणून ‘कमी पडले’ म्हणून स्वतःच अर्ज सोडू नका, कटऑफ बघा. ही घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा राज्याची फी सवलत एकाच वेळी चालत नाही, तेव्हा दोन्हीची रक्कम समोर ठेवून एक निवडा. पुढच्या वर्षी चालू ठेवायला 50 टक्के मार्क आणि 75 टक्के हजेरी लागते.

दुसरी ‘प्रगती’. एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, फक्त मुलींसाठी, एआयसीटीई मान्य कॉलेजात डिग्री किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना. वर्षाला 50,000. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. इंजिनिअरिंगला गेली तर ही पहिली भरा, बाकीच्या नंतर. बेळगावातल्या कॉलेजला चालते आणि कोल्हापूरच्याही. गुणवत्तेवर निवड होते, त्यामुळे मिळेलच असं धरू नका. पण जिला मिळाली तिचं निम्मं ओझं उतरलं.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्ती नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी मदत तीच, आणि तिच्याबद्दल विचारायला कुणी येत नाही. केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीतून, इंजिनिअरिंगला ‘एसएनक्यू’ नावाच्या जागा असतात, मंजूर जागांच्या वर जादा 5 टक्के. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्यांना तिथे ट्यूशन फी माफ. फी भरायची आणि मग वाट बघायची हा प्रकारच नाही, ट्यूशन फी मुळात घेतच नाहीत. यासाठी केसीईटीच्या अर्जातच उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर बरोबर गेला पाहिजे. म्हणून म्हणतो, दाखला निकालानंतर नव्हे, सीईटीचा अर्ज सुटायच्या आधी हातात हवा. त्याच अर्जात ग्रामीण कोट्याचा रकाना आहे. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर मुख्याध्यापकांकडून दाखला भरून बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही घ्या. मराठी शाळा असली तरी हरकत नाही, ग्रामीण म्हणजे जागा बघतात. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र वेगळा, तो मराठी शाळेतल्या मुलीला लागू नाही. तिथे चुकून टिक केलेली मुलं मी कागदपत्र पडताळणीच्या रांगेत रडवेली झालेली पाहिली आहेत.

कोल्हापूरचं आता. महाराष्ट्र सरकार 865 गावांवर दावा सांगतं, आणि त्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना तिथल्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वेगळ्या प्रकारात घेतं. त्याला ‘टाइप ई’ म्हणतात. अटी: दहावी आणि बारावी सीमाभागातल्याच मान्य संस्थेतून झालेली, वादग्रस्त भागातलं असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला. आणि एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची सीईटी, दिलेली असली पाहिजे. केसीईटी देऊन कोल्हापूरला जाता येत नाही. सेकंड पीयूसी चालू असतानाच दोन्ही सीईटींचे फॉर्म भरावे लागतात, नाहीतर ही चर्चा एप्रिलमध्येच संपते.

पण प्रवेश मिळाला म्हणजे फी माफ झाली असं नाही. लोक हे दोन्ही एकच समजतात. टाइप ई हा प्रवेशाचा हक्क आहे. फीची सवलत महाडीबीटीवर (महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) निराळी, योजनेगणिक निराळी, आणि प्रत्येकीच्या पात्रतेत रहिवासाची एक ओळ असते. ती ओळ प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर बोट ठेवून विचारा: ‘टाइप ईच्या मुलीला मागच्या वर्षी ही मिळाली का?’ टेबलावरच्या माणसाला ते ठाऊक असतं. मी त्या खुर्चीवर होतो, म्हणून सांगतो. दुसरं, मुलगी कोल्हापूरला गेली की इथल्या राज्य योजना बऱ्याच मागे पडतात, कारण अर्जाची पडताळणी इथल्या कॉलेजच्या लॉगिनवरून चालते. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांचं वेगळं आहे. केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक योजनेत मूळ राज्य पैसे देतं, शिक्षण दुसऱ्या राज्यात असलं तरी. मिळतील म्हणून दोन्हीकडचे रहिवासी दाखले काढून ठेवायचा उद्योग करू नका. आधारचा नंबर एकच आहे.

अनुसूचित जातीच्या ज्या घरांत हे वाचलं जाईल त्यांच्यासाठी एक. 2021 नंतर त्या शिष्यवृत्तीचे पैसे दोन तुकड्यांत येतात, आधी राज्याचा 40 टक्के वाटा, मग केंद्राचा 60 टक्के. निम्मेच आले म्हणून घाबरू नका. आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा मुलाच्या खात्यावर येते, ती कॉलेजात भरायची असते. तो पैसा आला की बाइकची आठवण होते, मग परीक्षेच्या हॉलतिकिटाला कॉलेज अडवतं.

बँक खात्याचा विषय निघालाच तर तो नीट घ्या, कारण अर्ज मंजूर होऊन पैसे न आलेल्या दहांपैकी आठ जण इथे अडकलेले असतात. खातं मुलीच्या नावाचं हवं आणि आधार नुसतं ‘लिंक’ नव्हे, एनपीसीआयला (बँकांमधले पैसे वळवणारी यंत्रणा) जोडलेलं हवं. बँकेत विचारलं की ‘लिंक आहे’ म्हणून सांगतात. ते केवायसीचं असतं. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, तिथे ज्या बँकेचं नाव येईल त्याच बँकेत पैसे जाणार, तुम्ही अर्जात काहीही लिहा. कडोलीकडच्या एका मुलाचे पैसे ‘गेले’ म्हणून त्याचे वडील माझ्यावर तावातावाने आले होते. शोधलं तर गावात कधीतरी झीरो बॅलन्सची खाती उघडायचा कार्यक्रम झाला होता, त्याने अंगठा दिला होता आणि विसरून गेला होता. दोन वर्षांचे पैसे तिथे पडून. पासबुकही घेतलेलं नव्हतं. कुठेच जमत नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढा, पोस्टमन घरी येऊन करून देतो आणि सीडिंग पटकन होतं.

कर्जाचं थोडक्यात. कर्नाटकात मराठा समाजासाठी विकास महामंडळ आहे, तिथली ‘अरिवु’ योजना म्हणजे शिक्षणासाठी कमी व्याजाचं कर्ज. ‘सरकारी मदत’ या नावाखाली लोक तिला अनुदान समजतात. फेडायचं असतं. बँकेचंच घेणार असाल तर केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल तर शिकत असतानाच्या काळातलं व्याज सरकार भरतं, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाला 3 टक्के सवलत.

माझं मत विचारलंत म्हणून: एसएनक्यूची जागा लागली तर बेळगावातच इंजिनिअरिंग, प्रगतीचा अर्ज लगेच. एसएनक्यू नाही आणि हातात फीचा पहिला हप्ता नाही, तर बीएस्सी, सेंट्रल सेक्टरच्या आशेवर. कोल्हापूर तेव्हाच, जेव्हा तिथल्या टेबलावरचा माणूस फी सवलतीचं ‘हो’ म्हणेल आणि हॉस्टेलचा खर्च तुम्ही शिष्यवृत्तीविना उचलू शकाल. एसएसपीवर अर्ज दर वर्षी नव्याने करायचा, मागच्या वर्षी केला म्हणून आपोआप चालत नाही. पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीचा रजिस्टर नंबर उशिरा येतो, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, तेव्हा ऑफिसात दर आठवड्याला डोकावायला मुलीलाच सांगा. पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत आहे, इंग्रजी निवडून तिने स्वतः भरावा. सायबर कॅफेवाला भरतो तेव्हा मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो.

येत्या आठवड्यात फक्त एक करा. मुलीचं मार्क्स कार्ड, तिचं आधार आणि यजमानांचं आधार, तिन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावं अक्षर-अक्षर मोठ्याने वाचा. फरक सापडला तर नाडकचेरीआधी आधार केंद्रात जा.